पुलाच्या अलीकडे

पार्सल उशिरा येतं याचं मला एवढं वाटत नाही. ते उशिरा येतं आणि वर आपल्यावरच आळ घेतं, याचा संताप येतो. मोबाईलवर लागोपाठ तीन दिवस एकच ओळ आली: ‘ग्राहक पत्त्यावर उपलब्ध नव्हते.’ तिन्ही दिवस मी घरी होते. आई घरी होती. सहा गायी घरी होत्या. गायी कुठं जाणार?

मागवलं होतं दूध काढायच्या मशीनचं रबर. सडांना लावायच्या कपात ही रबरी नळी असते. ती चिरली की कप धरत नाही, गळून पडतो. शिरूरच्या दुकानदारानं हात वर केले, “हे मॉडेल आता येत न्हाई, ऑनलाइन बघा.” ऑनलाइनवाले चार दिवसांत देणार होते. नववा दिवस उजाडला.

आईच्या उजव्या मनगटाची शीर दबलेली आहे. डॉक्टरांनी धार काढायची बंद करायला सांगितलं, म्हणून तर मशीन घेतलं. आता ती पुन्हा सकाळ-संध्याकाळ हातानं सहा गायी पिळत होती. मीही एकदा बसले. कॉलेजात असताना दूधदरावर दोन पत्रकं लिहिली होती मी, पण सड कसा धरायचा हे त्यात नव्हतं. गायीनं बादली लाथाडली.

“ऊठ बये,” आई म्हणाली, “तुझ्यामुळं ती दूध चोरायला लागली.”

त्या दिवशी बांड्या गायीचा एक सड गरम लागला. दूध पुरतं निघालं नाही की कास दगडी होते, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर सड कायमचा जातो. आई मनगट दाबत बसली.

मी काय केलं? पत्रक लिहिलं. मला तेवढंच येतं. ‘शहराला दुसऱ्या दिवशी, मग आम्हाला का नाही? न्हावरे गावाच्या पुढं माणसं राहत नाहीत का?’ छापून डेअरीच्या भिंतीवर चिकटवलं. हेल्पलाइनवरची बाई प्रत्येक फोनला ‘उद्या’ म्हणत होती.

दहाव्या दिवशी मेसेज आला: पार्सल परत पाठवले जात आहे. मी स्कूटी काढली आणि थेट दौंड गाठलं. आमचा तालुका शिरूर, पण नदीकाठच्या गावांचं सामान दौंडच्या गोदामातून निघतं. आमच्या बाजूचा माल वाटणारे गृहस्थ पन्नाशीचे, पाठीवर भली मोठी काळी बॅग. मी त्यांच्यापुढं पत्रकच धरलं.

त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

“ताई, मजकूर झकास हाय. पन तुमी ऱ्हाता कुठं?”

“पत्त्यात लिहिलंय.”

त्यांनी परतीच्या थप्पीतून खोका काढून माझ्याकडं फिरवला. मीच भरलेला पत्ता: ‘मोठी वस्ती, नदीच्या पुलाच्या अलीकडे, डीपीजवळ.’

“अलीकडं म्हंजी कुनाच्या अलीकडं?”

मी पत्ता पुन्हा वाचला.

“मी निघतो दौंडवरनं. माझं अलीकडं ह्या काठाला, तुमचं त्या काठाला. ह्या काठालाबी मोठी वस्ती हाय, तिथंबी लाइटीची डीपी हाय. तीन दिवस तिथल्या आप्पांना इचारतोय, रबर मागवलं का म्हनून. काल म्हनले, माझ्याकडं शेळ्या हायेत, आता आलास तर कुत्रं सोडीन.”

“मग फोन करायचा!”

“तीनदा केला. उचलताय कुठं?”

अनोळखी नंबर मी उचलत नाही. एका आंदोलनानंतर धमक्या आल्या, तेव्हापासून.

“तरी पण ‘पत्ता सापडला नाही’ असं लिहायचं. आम्ही घरात नव्हतो हे खोटं कशाला?”

त्यांनी त्यांचा मोबाईल माझ्या हातात दिला. बटणं तीनच. ग्राहक उपलब्ध नाही. ग्राहकाने नकार दिला. ग्राहकाने पुढची तारीख मागितली.

“ह्यातलं खरं कंचं ते सांगा, तेच दाबतो.”

चूक माझी होती. पण चूक कुणाचीही असो, बोट ग्राहकाकडंच दाखवायचं हे ज्यांनी एसीत बसून ठरवलं, त्यांच्यावरचा माझा राग तसूभर कमी झाला नाही. या माणसावरचा मात्र गेला. त्यांनी साहेबाला विनवून परतीची नोंद रद्द करून घेतली, माझा ओटीपी घेतला, खोका दिला.

येताना डेअरीवर थांबून भिंतीवरचं जुनं पत्रक काढून टाकलं. नव्यात आधी माझा पत्ता कसा चुकला ते लिहिलंय, मग त्या तीन बटणांवर आलेय.

आईनं रबर गरम पाण्यात मऊ करून कपात ओढून बसवलं. बांड्या गायीच्या तीन सडांना कप लावले. चौथ्यातून गुठळ्या येत होत्या. गुरांचे डॉक्टर सकाळीच सुई मारून गेले होते. तो सड ती डाव्या हातानं हळूहळू मोकळा करत राहिली.

“वाचंल का गं?” मी विचारलं.

“कालच्यापरीस नरम हाय,” ती म्हणाली. “तू हो बाजूला. ती बुजतीय तुला.”