गंगम्माचं सुतक

लिंगायतांत सुतक नाही. माणूस गेला की त्याला बसवून पुरतात, जंगमाला जेवू घालतात आणि कामाला लागतात. गळ्यात लिंग असलेल्याला विटाळ कसला? तरी नळदुर्गपासून दोन कोसांवरच्या एका मळ्यात गंगम्मा नावाची लिंगायत बाई एकवीस दिवसांचं सुतक पाळायची, आणि तेही जित्या जनावराचं. बाजारातून शेळी येवो की म्हैस, आधी कुंपणाबाहेरच्या लिंबाखाली एकवीस दिवस. तिची बादली वेगळी, वैरण वेगळी, शेणसुद्धा वेगळं पुरायचं. गावात एखादा जावई सासरच्या दारात ताटकळला की लोक म्हणत, ह्याला गंगम्माचं सुतक लागलं वाटतं.

आधी ती खरं कारण सांगायची, की बाहेरच्या जनावराबरोबर रोग आत येतो. लोक माना डोलवायचे आणि जनावर सरळ गोठ्यात नेऊन बांधायचे. मग तिनं सुतक हा शब्द काढला. आपला माणूस रोगाला भीत नाही, सुतकाला भितो. नवरा विरुपाक्ष म्हणाला, आपल्यात सुतक नसतं. ती म्हणाली, माणसाला नसेल, शेळीच्या गळ्यात कुठं लिंग आहे? विरुपाक्षानं शेळीची बादली उचलून लिंबाखाली नेली.

पाण्याचीही तीच तऱ्हा. गावच्या बारवेत लोक गुडघाभर उतरून घागर बुडवत आणि वर्षानं पायातून हातभर नारू काढत कण्हत बसत. गंगम्मा विरुपाक्षाच्या जुन्या धोतराची चौघडी करून पाणी गाळायची. पटकीची साथ आली की गाव मरीआईचा गाडा वाजतगाजत शेजारच्या शिवेवर नेऊन सोडी आणि शेजारचे तो पुढच्या शिवेवर ढकलत. गंगम्मा गाड्याला हात जोडायची आणि घरी येऊन हंडाभर पाणी उकळायची. मरीआईला राग आला असेल तर ती येऊन सांगेल, एवढंच तिचं म्हणणं.

हे सगळं ती जन्मतः शिकून आलेली नव्हती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घरात एक देखणी म्हैस आली आणि तिच्या मागोमाग गुरांची बुळकांडीची साथ आली. आठ दिवसांत दावणीची सात जनावरं गेली. त्या साली घरात दुधाचा थेंब नव्हता. गंगम्माची पहिली पोर अंगावरचं दूध आटल्यावर तशीच वाळत गेली आणि वर्षाची व्हायच्या आत गेली. ती म्हैस आणली होती थोरला दीर गुंडप्पानं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी बोललं नाही.

गुंडप्पा वाटणीनंतर नळदुर्गात राहायचा. पेठेत भुसार दुकान, मिशांना तेल, बोलणं तालुकदाराचं. शेहेचाळीस सालच्या पौषात तो जत्रेतून एक पांढराशुभ्र खिल्लार बैल घेऊन थेट मळ्यावर आला. विरुपाक्षाचा एक बैल म्हातारा झाला होता, त्याच्या जागी ही धाकट्या भावाला भेट. गंगम्मा फाटकात आडवी उभी राहिली. दावणीला दोन बैल आणि गाभण तांबडी गाय होती. ही जनावरं गेली असती तर मळा गेल्यातच जमा होता.

आता अडचण अशी, की थोरल्या दिराशी धाकटी भावजय थेट बोलत नसे. वीस वर्षं गंगम्मा गुंडप्पाशी जे काही बोलली ते गाईच्या मार्फत. तिनं पदर पुढं ओढला आणि गोठ्याकडं तोंड केलं.

"तांबडे, सांग त्यांना. एकवीस दिवस लिंबाखाली."

गुंडप्पा का मागं राहतो? त्यानं बैलाच्या कानाला तोंड लावलं.

"ऐकलंस का बसवण्णा? देवाला सुतक लावणारी बाई म्या आज बघितली. तू भाईर, तर म्याबी भाईर."

"तांबडे, बरंच झालं म्हणावं. बैलाला हात लावलेला माणूसबी एकवीस दिवस आत यायचा न्हाय."

विरुपाक्ष एकदा गाईकडं आणि एकदा बैलाकडं बघत मधे उभा होता. कुणाचं ऐकावं हे त्या दोघांनीही त्याला सांगितलं नाही.

गुंडप्पा खरंच राहिला. लिंबाखाली घोंगडं टाकून, बसवण्णा म्हणजे नंदी म्हणून बैलाला देव मानून, येणाऱ्याजाणाऱ्याला भावजयीची कागाळी सांगत. लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत. गंगम्मा दोन्ही वेळा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मधल्या दगडावर ठेवून परत फिरे. ताट तिथंच राखेनं घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन घेई. गुंडप्पा बैलाला म्हणे, चटणी झकास आहे, पण बाई खाष्ट आहे.

सहाव्या दिवशी बैलाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. गुंडप्पा म्हणाला, थंडी बाधली. सातव्या दिवशी त्यानं वैरण सोडली, तोंड आतून सोलवटलं आणि मग हगवण लागली. विरुपाक्ष तालुक्याच्या मवेशी, म्हणजे गुरांच्या, दवाखान्यात धावला. निजामाचं राज्य, तिथं अर्जी उर्दूत लागायची. ती लिहिणारा मिळेपर्यंत दोन दिवस गेले, आणि डॉक्टर दौऱ्यावर गेले. गुंडप्पानं चार दिवस बैलाचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पेज पाजली. मिशांचं तेल कधीच उतरलं होतं. अकराव्या दिवशी सकाळी बैल मेला.

जत्रेतून आलेल्या जनावरांनी त्या पंधरवड्यात आसपासचे किती तरी गोठे रिकामे केले. गंगम्माचा गोठा शाबूत होता. तिनं कुंपणातून चुन्याचं पोतं बाहेर ढकललं. गुंडप्पानं एकट्यानं पुरुषभर खड्डा खणला आणि बैलाला कातड्यासकट पुरलं. कपडे जाळले, विरुपाक्षानं फेकलेलं धोतर नेसलं, आणि अंघोळ करून फाटकाशी आला. फाटक उघडं होतं. तो बाहेरच थांबला. इकडं तिकडं बघितलं. ज्याच्या कानात बोलायचं तो बैल उरला नव्हता.

"गंगम्मा, त्या साली ती म्हैस म्याच आणली होती," तो म्हणाला. "ह्यो बैल त्याच्यापायी आणला. तुझी पोर काय परत येत न्हाय, ते कळतंय मला." मग त्यानं लिंबाकडं बघितलं. "दिवस आल्यापासनं मोजायचं, का आजपासनं?"

गंगम्माला रडू आलं. ते तिनं लपवलं नाही. तांबडी मागंच रवंथ करत उभी होती. गंगम्मानं तिच्याकडं वळूनही बघितलं नाही.

"आजपासनं, भाऊजी," ती म्हणाली. "बसा लिंबाखाली. भाकर आणते."