रात्रीची चक्क्याची वाटी

आमच्या घरात रात्री ओटा पुसला की स्वयंपाकघर बंद. हा सासूबाईंचा नियम, मी लग्न होऊन कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये आले तेव्हापासूनचा. त्यानंतर गॅस पेटत नाही. कुणाला भूक लागलीच तर पाणी प्यावं आणि सकाळची वाट बघावी.

गेल्या वर्षी आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पायात जोर आला नाही. नवऱ्याच्या मणक्याचं दुखणं जुनं, त्याला वजन उचलायला बंदी. त्यामुळे पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, दिवसातून सहा वेळा आईंना उचलायचं मी. माझं वय चोपन्न, गुडघ्यांचं त्याहून जास्त. मला जमेना, तसा नवरा सिंहगड रस्त्याकडचा एक वृद्धाश्रम बघून आला. बरा आहे, म्हणाला. आईंनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

आईंना व्यायाम द्यायला एक मुलगी यायची. एक दिवस तिने माझ्याकडेच बघितलं. "काकू, ताकद तुम्हालाच हवीये. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, रोज दहा वेळा. आणि झोपायच्या आधी प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे."

दूध मला सोसत नाही. अंडं उकडायचं तर ओटा पुसलेला, धिरडं घालायचं तरी तेच. नियम मोडायलाही अंगात त्राण लागतं, तेवढं माझ्यात उरलेलं नसायचं. म्हणून गॅस न लागणारा चक्का ठरला. सकाळी दही फडक्यात बांधून टांगायचं आणि रात्री वाटीभर, जिरेपूड घालून, फ्रिजपाशी उभ्या उभ्या संपवायचं.

"श्रीखंड करायचा कंटाळा आला की त्याला औषध म्हणायचं," आई पलंगावरून म्हणाल्या.

खरं सांगते, तो चक्का मला एकदाही आवडला नाही. दिवसभर सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतःला वाढून घेणं हेही एक कामच वाटायचं. पण दोनेक महिन्यांनी आई हलक्या लागू लागल्या. उचलताना धाप लागेना. वृद्धाश्रमाचा विषय मागे पडला आणि माझी मान जरा ताठ झाली.

मग एका संध्याकाळी त्यांच्या हाताला तेल लावत होते आणि त्यांची बांगडी सरळ कोपरापर्यंत घसरली. हीच बांगडी दवाखान्यात साबण लावून काढावी लागली होती. मला एकदम त्यांचं ताट आठवलं. कित्येक दिवस अर्धी भाकरी परत येत होती. भूक नाही म्हणायच्या, आणि मी ताट उचलायचे. दमलेल्या माणसाला समोरच्याचा नकार सोयीचा वाटतो.

"आई, तुम्ही मुद्दाम जेवत नाही का?"

"तू ताकद वाढवतेस, मी वजन कमी करते. कुठेतरी जमेल." मग बांगडी मनगटाकडे ओढत म्हणाल्या, "मला तिकडे जायचं नाही."

मला रडू आलं आणि रागही आला. त्या पोटाला चिमटा घेत होत्या आणि मी चक्क्याला शाबासकी देत होते.

त्या रात्री मी दोन वाट्या भरल्या. आईंनी एक बाजूला सारली. "रात्रीचं दही मला बाधतं. मुगाचं धिरडं घाल."

"ओटा पुसलाय, आई."

"परत पूस."

तेव्हापासून मी रोज दोनदा ओटा पुसते. त्या धिरडं खातात, मी चक्का खाते, आणि आडवी होते तेव्हा अंगातला सांधा न् सांधा दुखत असतो.

परवा सकाळी त्यांना उचलताना मला मध्येच थांबावं लागलं. पलंग आणि खुर्चीच्या मध्ये आम्ही दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिलो.

"जड झाले ना?" त्यांनी माझ्या खांद्यावरून विचारलं.

"हो," मी म्हणाले. "आणखी व्हा."