क्राऊन थोरल्याकडे, पिनियन धाकट्याकडे

सन १९५५, नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रक्कम अठराशे पन्नास रुपये. हजर माणसं तीन: मी, उस्मानभाई शेख आणि लष्करी लिलावाचा कारकून. लढाईतला एक दहाचाकी ट्रक आम्ही भागीत घेतला. हजार रुपये माझे, चाकणच्या किराणा दुकानातले. साडेआठशे उस्मानभाईंचे; ते लढाईत लष्करी ड्रायव्हर, नंतर टांगेवाले. त्यासाठी त्यांनी आपला टांगा आणि दोन्ही घोडे विकले होते.

पावती देताना कारकून म्हणाला, "गाडी बंद आहे, नंतर तक्रार चालणार नाही." उस्मानभाईंनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. राग आला की ते असंच करायचे.

"बर्मात हिच्यावर तुमचं रेशन व्हायलं मी. आन तू तिला भंगार म्हंतोस व्हय रं?"

"मी बंद म्हणालो."

"तिच्या तोंडावर म्हनू नये!"

असा हा माणूस. संतापायला त्यांना स्वतःचं नुकसान व्हावं लागत नसे. चाकणच्या बाजारात एकदा मापाड्यानं कुरुळीच्या एका बाईचं पोतं तोलताना वजनांच्या पारड्यावर पाय टेकवला. पोत्याशी उस्मानभाईंचा काही संबंध नव्हता. टोपी काखेत गेली. "पाय तोलायचा आसंल तर दोन्ही ठिव, म्हंजे तुझा भाव कळंल!" पोतं पुन्हा तोललं गेलं. बाजार हसला, ते हसले नाहीत.

ट्रकचं इंजिन त्यांनी संक्रांतीच्या आत चालू केलं. अडलं मागच्या धुऱ्यात. चाकांना फिरवणारं मोठं दातेरी चक्र, म्हणजे क्राऊन, आणि त्याला फिरवणारं लहान, म्हणजे पिनियन, दोन्हींचे दात गेले होते. ही जोडी एकत्र घासून एकमेकांना बसलेली असते. याचं एक, त्याचं दुसरं चालत नाही. चैत्रात कांदा निघणार होता. तोवर ट्रक उभा राहिला नाही तर आडत्या माल दुसऱ्या गाडीला देणार होता. मला दुकान होतं. उस्मानभाईंना आता घोडेही नव्हते.

पुणे, खडकी सगळं पालथं घातल्यावर जोडी सापडली ती चिंचवडला, हमरस्त्यालगतच्या एका भंगारवाड्यात. बाप मेल्यावर दोन भावांनी तो वाटून घेतला होता आणि मधे पत्र्याची भिंत घातली होती. पंचांनी वाटणी केली ती अशी: जे जे दोन, त्यातलं एक थोरल्याला, एक धाकट्याला. त्या न्यायानं क्राऊन गणपतशेटकडे गेला, पिनियन मारुतीशेटकडे. आज इतक्या वर्षांनीही त्या पंचांची मला चीड येते. पाच शहाणी माणसं बसली, जेवली, आणि हे करून उठली!

उस्मानभाई म्हणाले, "शेट, नवराबायकोची वाटणी केली राव तुमी! एक ह्या घरात, एक त्या घरात, आन आमाला म्हंता संसार लावा."

गणपतशेट थंडपणे म्हणाला, "धाकट्याला काय देणार ते सांगा. मी त्याहून एक रुपया जास्ती घेईन."

पत्र्यापलीकडून आवाज आला, "मग माझा त्याच्यावर एक!"

मी समजावलं, हे गणित कधी संपणार नाही. दोघांनाही ते पटलं. पण आधी कोणी थांबेना. आम्ही चार खेपा घातल्या. तिथलाच एक हमाल उस्मानभाईंना हळूच म्हणाला, "चाचा, दोघांना येगळा आकडा सांगा की."

"आन खोटं बोलून आनलेलं चाक बोरघाटात मला सोडंल व्हय? व्हय बाजूला!"

चौथ्या खेपेला पत्र्याच्या टोकाशी एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. दोघांची आई. उस्मानभाईंनी तिला सहज विचारलं, "मावशी, तुमी कंच्या बाजूला?"

"आवसंपतुर थोरल्याकडं. फुडं धाकट्याकडं."

टोपी काखेत गेली, पण आवाज चढला नाही. असं मी प्रथमच पाहिलं. ते भावांना एवढंच म्हणाले, "लोखंडाची केली ती केली. हिचीबी केली?" मग माझ्याकडे वळले. "चला भाऊ. हितलं चाक नगं आपल्याला. मी दुसऱ्याचा टांगा हाकीन."

माझे हजार आणि त्यांचे साडेआठशे डोळ्यांपुढे येऊनही मला त्यांना थांबा म्हणवेना. आम्ही रस्त्यापर्यंत आलो.

मागून म्हातारी ओरडली, "थांबा वो! गण्या, मारत्या, आना ती दोनी हिकडं."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघेही आत गेले. क्राऊन आणि पिनियन तिच्यापुढच्या टरफलांत शेजारी शेजारी ठेवले गेले.

"दोनींचं मिळून काय देता?" तिनं मला विचारलं.

"एकशे साठ."

गणपतशेट म्हणाला, "आई, त्यात माझे किती?"

"तुला वाडवला त्याचं किती झालं, त्ये सांग आदी."

उस्मानभाईंनी टोपी डोक्यावर घातली आणि वाकून क्राऊन उचलला. मी नोटा मोजल्या. एकशे साठ रुपये, एकरकमी, म्हातारीच्या हातात दिले.