बकरीच्या वाटची बर्फी
दसऱ्याला कुणी आपट्याचं पान पुढे केलं की माझा हात आजही आधी मागे जातो. ऐंशीच्या दशकात वडिलांच्या बदलीमुळे आम्ही जयपूरला बनी पार्कात राहत होतो, मी अकरा वर्षांची होते. तिथे आपटा मिळेना, आणि सोनं वाटल्याशिवाय आईचा दसरा काही होईना. शेजारच्या दादीजींनी फाटकापाशी कचनार, म्हणजे आपला कांचन, लावला होता, माझ्या खांद्याएवढा. त्याच्या पहिल्या फुलांची त्या तीन वर्षं वाट बघत होत्या. पान मात्र हुबेहूब आपट्यासारखं, जोडपान. दुपारी त्या झोपल्यावर मी झाड पार ओरबाडलं, घाईत शेंडाही मोडला, आणि आईला सांगितलं, पानं मैदानातून आणली. दादीजी उठून उघड्या काड्यांपुढे उभ्या राहिल्या. "किसने नोचा, बेटी?" मी म्हटलं, "बकरी आई थी, दादीजी." संध्याकाळी आईनं पहिलं सोनं त्यांनाच द्यायला पाठवलं, "वाकून नमस्कार कर गं." त्यांनी ते पान तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं, पदराच्या टोकाला बांधलं, आणि मला दोन बर्फ्या दिल्या. "एक तेरी. एक उस बकरी को खिला देना." होळीपर्यंत त्या रोज त्या काड्यांना पाणी घालत होत्या, पालवी फुटलीच नाही. पुढे आमची बदली झाली, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. आज सगळं सांगायलाच बसले आहे, तर हेही सांगते: फाटकाबाहेर पडायच्या आत दोन्ही बर्फ्या मीच खाल्ल्या होत्या.