डावीकडच्या तबकड्या

माझे दाजी बस चालवायचे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण भेटणारा प्रत्येक जण खेळाबद्दलच विचारतो. "तो बसवाला खेळ तुमच्या दाजींचा ना? काय मजा यायची हो!" यायची. मीही भरपूर खेळलोय. पण दाजींच्या पाठीमागे रोज बसभर माणसं बसलेली असायची, निर्धास्त, खिडकीबाहेर बघत. खेळाची तारीफ ऐकताना मला आधी ती माणसं आठवतात आणि मग तारीफ करणाऱ्याचा उगाच राग येतो.

दाजी म्हणजे धिप्पाड माणूस, गणवेशाला कडक इस्त्री, वेळेचे पक्के. घरातसुद्धा वळणावर हॉर्न देतील की काय असं वाटायचं. आयुष्यात एकच गोष्ट आपल्याला नीट येते आणि ती म्हणजे गाडी चालवणं, असं ते स्वतःच म्हणायचे, आणि मग पन्नाशीला टेकल्यावर या गृहस्थाने कॉम्प्युटर आणला. तोही जुना, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आमच्या ओळखीच्या माणसाकडून. कीबोर्ड आणि यंत्र एकाच डब्यात, डबा टीव्हीला जोडायचा, शेजारी फ्लॉपीचं खोकं. सकाळची पाळी संपली की संध्याकाळच्या पाळीपर्यंत दुपार मोकळी असायची. बाकीचे ड्रायव्हर त्या वेळात झोपतात. दाजी पुस्तक मांडीवर घेऊन दोन बोटांनी टायपिंग करत बसायचे. ताई म्हणायची, "पत्ते खेळले असते तर निदान चार माणसं तरी घरात दिसली असती."

त्यातून 'शेवटची फेरी' तयार झाली. अंतराळातला लढाईचा खेळ, पण यानाऐवजी बस. पिवळी, खिडक्या असलेली, टपावर तोफ बसवलेली. छोट्या छोट्या खडकांवर गोल शिरस्त्राणं घातलेले प्रवासी हात दाखवत उभे असायचे. त्यांना घ्यायचं, आणि चारही बाजूंनी येणाऱ्या उडत्या तबकड्या उडवत पुढच्या थांब्यावर पोचायचं. प्रवासी पुरता आत चढायच्या आधी बस हलवली तर गुण कापले जायचे. तबकडी आदळली की बसचे तुकडे व्हायचे आणि प्रवासी छत्र्या उघडून तरंगत खाली जायचे. एकही मरायचा नाही. मी म्हटलं, "दाजी, लढाई आहे, कुणीतरी मरायला नको का?" तर म्हणाले, "माझ्या गाडीत? काय बोलतोस!"

त्या काळी असे घरगुती खेळ शेअरवेअर म्हणून फिरायचे. रेडिओवाला फ्लॉपीच्या कॉपी काढून द्यायचा, घेणारा आणखी कुणाला द्यायचा. खेळ सुरू होताना पाटी यायची: खेळा, मित्रांना द्या, आणि आवडला तर तुमच्या गावच्या बसचा फोटो मला पाठवा. आणि लोक पाठवायचे! पुढच्या खोलीची भिंत बसच्या फोटोंनी भरून गेली. दाजी एकेका फोटोसमोर उभे राहून त्या गाडीचं चाक कसं हलतंय ते फोटोवरून सांगायचे. ते दिवस खरोखर छान होते.

खेळाबद्दलची पहिली तक्रार खुद्द दाजींनीच केली. एका दुपारी मी गेलो तर टीव्हीसमोर डोकं धरून बसलेले.

"प्रोग्रॅममध्ये खोट आहे," म्हणाले. "डावीकडच्या तबकड्या दिसतच नाहीत. एकदम येऊन आदळतात."

"मागच्या महिन्यात तर दिसत होत्या."

"तेच म्हणतोय ना मी!"

त्याच्या थोडं आधी, डोकं भयंकर दुखतंय म्हणून ते एक दिवस अंधार करून पडून होते. दुसऱ्या दिवशी उठले, दाढी केली, ड्युटीवर गेले. ती डोकेदुखी आणि न दिसणाऱ्या तबकड्या शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. कशाला येईल?

मग खोट शोधणं सुरू झालं. प्रोग्रॅम छापून आणला, त्याचे लांबलचक कागद स्वयंपाकघरापासून दारापर्यंत अंथरले. ताई त्यांच्यावरून पाय उचलून उचलून चालायची. दाजी ओणवे होऊन ओळ न् ओळ तपासायचे. तबकडी कुठून निघते, कुठे जाते, सगळं बरोबर. तरी त्यांच्यापुरती ती निघतच नव्हती. ते खेळ घेऊन रेडिओवाल्याच्या दुकानात गेले. मी होतो बरोबर. रेडिओवाला खेळायला बसला आणि त्याने डावीकडच्या तबकड्या पटापट उडवल्या.

"आहेत की हो."

"तू अंदाजाने मारतोयस," दाजी म्हणाले.

रेडिओवाला हसला. मीही हसलो. दाजी हसले नाहीत. त्यांनी टीव्ही बदलला, तार बदलली, खेळ आमच्या घरी आणून लावून पाहिला. फोटो पाठवणाऱ्यांपैकी एकानेही अशी तक्रार केली नव्हती. जगात ही खोट फक्त एकाच माणसाला सापडत होती.

त्याच सुमाराला बसचा डावा आरसा खांबाला लागून फुटला. "खांब रस्त्यात आलाय," दाजी म्हणाले. नवीन बसवला, तोही गेला. आगारातले मेकॅनिक चेष्टा करायला लागले, डाव्या आरशांचा वेगळा साठा तुमच्यासाठी ठेवलाय म्हणून. घरात डाव्या खांद्याला दाराची चौकट लागायची. चहा डाव्या हाताशी ठेवला की थंड होऊन जायचा आणि वर बोलणी ताईला, "चहा दिला नाहीस अजून?" ताई आधी हसायची. मग तिने हसणं बंद केलं आणि कप गुपचूप उजवीकडे ठेवायला लागली. आगाराची वार्षिक डोळेतपासणीही झाली त्यात. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं दाजींनी खालच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचून दाखवली. पास.

आणि एके दिवशी दाजींचा चेहरा खुलला. खोट सापडली नव्हती, पण उपाय सापडला होता. त्यांनी डावीकडून तबकड्या सोडणंच बंद केलं. सुधारित आवृत्ती! आता तबकड्या फक्त उजवीकडून यायच्या. रेडिओवाला कुरकुरला, खेळ लंगडा झाला म्हणाला, डावीकडे नुसतं आकाश उरलंय. दाजींना तर तो एकदम पसंत होता. पहिल्यासारखे गुण मिळायला लागले होते ना! मी त्यांना खेळताना पाहत होतो. डाव्या बाजूला अर्धा पडदा काळा, रिकामा, आणि त्यापुढे हा माणूस समाधानाने बसलेला. काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

ताईला सांगता आलं. तिने कधी तो खेळ खेळला नव्हता. पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी तिथे असताना तिने जुनी फ्लॉपी शोधून काढली, यंत्रात घातली आणि दाजींच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. खेळली मात्र नाही. नुसतं बोट उचलून म्हणाली, "ही आली बघा. अहो, डावीकडून तीन येतायत."

"कुठे?"

तिने काचेवर बोट टेकवलं. "इथे. माझ्या बोटाखाली."

दाजींनी मान डावीकडे वळवली, पार खांद्यापर्यंत. मग त्यांना बोट दिसलं. बोटाखालची तबकडी दिसली. मान सरळ केली, गेली. पुन्हा वळवली, आली. त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला, मग डावा. दोन्ही डोळ्यांना सारखंच, डावी बाजूच नाही. पडद्यावर बसचे तुकडे झाले आणि प्रवासी छत्र्या उघडून तरंगायला लागले.

"डॉक्टरकडे जाऊ," ताई म्हणाली.

"डॉक्टर आगाराला कळवेल."

"कळवू दे."

"मग मी काय करू? घरात बसून चहा शोधू?" दाजींचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "माझं मी सांभाळतो. कंडक्टर असतो बरोबर."

तेव्हा ते बाहेर आलं. त्यांचा कंडक्टर गेले कित्येक दिवस पुढच्या दाराशी उभा राहून तिकिटं फाडता फाडता "सायकल आहे", "म्हातारी उतरतेय", "जरा उजवीकडे घ्या" असं बोलत होता. दाजी त्या आवाजावर गाडी चालवत होते. दोघांनी एकमेकांशी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आणि आगारात ताकास तूर लागू दिली नव्हती. मी चिडलो. म्हटलं, "दाजी, हे बरोबर नाही. कुणीतरी मरेल." ते माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "शालकबुवा, इतक्या वर्षांत माझ्या गाडीला माणूस लागलेलं नाही." त्यांना ते खरंच उत्तर वाटत होतं.

मी आगारात जाऊन सांगायला निघालो तर ताईने अडवलं. "त्यांचं त्यांना सांगू दे. आपण सांगितलं तर आयुष्यभर म्हणतील की मला दिसत होतं, तुम्हीच घालवलंत."

आणि त्याच महिन्यात आगाराने दाजींच्या मार्गावरचा कंडक्टर काढला. नवीन पद्धत: ड्रायव्हरनेच तिकिटं द्यायची. मला वाटलं, सुटलो, आता तरी हा माणूस जागचा हलेल. दाजींनी तिकिटांचं यंत्र शिकून घेतलं. कॉम्प्युटर येणाऱ्याला ते काय अवघड?

मग ताई बसमध्ये बसायला लागली. अगदी पुढच्या डाव्या सीटवर, मांडीवर डबा घेऊन, सकाळची पाळी आणि संध्याकाळची पाळी. "सायकल. रिक्षा थांबलीय. मुलं आहेत, हळू." हळू आवाजात, न थांबता. रोजच्या प्रवाशांना याचं भारी कौतुक. एक बाई मला म्हणाल्या, "या वयात नवऱ्यासोबत दिवसभर फिरतात, किती प्रेम असेल!" ताईचं वजन उतरलं. डोळे मिटले तरी तिला पदपथ दिसायचा. आणि दाजी? दाजी मजेत होते. त्यांचं सगळं पुन्हा सुरळीत सुरू झालं होतं.

एका सकाळी ताई मला म्हणाली, "आज तू पण ये. मागे बस. आणि तुला शपथ आहे, मध्ये बोलू नकोस." कारण विचारलं तर सांगेना.

बस भरलेली होती. बाजाराच्या चौकाआधी एक शाळकरी मुलगी सायकलवरून डाव्या अंगाने आली, अगदी चाकाला चिकटून. ताई "थांबा!" म्हणून ओरडली, दाजींनी करकचून ब्रेक दाबला, उभी असलेली माणसं एकमेकांवर पडली. मुलगी वर न बघताच पुढे निघून गेली. "काय आजकालची मुलं," कुणीतरी म्हणालं, आणि बस पुन्हा चालू लागली.

पुढच्या थांब्यावर ताई उठली. डबा सीटवरच ठेवला. दाजींना म्हणाली, "मी उतरते."

"इथे? का?"

ती उतरली. इतर माणसं उतरली, दोन-तीन चढली, त्यांना तिकिटं देऊन झाली. दाजींनी वरच्या आरशात पाहिलं, दार रिकामं होतं. दार लावलं. समोर पाहिलं. त्यांच्या लेखी रस्ता मोकळा होता.

ताई बसच्या पुढे उभी होती. डाव्या दिव्यासमोर, काचेपासून हातभर अंतरावर, त्यांच्याकडे तोंड करून. हात खाली सोडलेले. बसमधल्या प्रत्येकाला ती दिसत होती. लोकांना वाटलं, नवरा-बायकोचं काही भांडण आहे, तो गाडी चालू करणार थोडाच. शपथ राहिली बाजूला, मला आवाजच फुटेना. दाजींनी गियर टाकला.

गाडी हलली. तेव्हा सगळी बस ओरडली, मीही ओरडलो. "अहो, बाई! समोर बाई!"

दाजींनी ब्रेक दाबला. त्यांनी पुढे पाहिलं, मग उजवीकडे, मग पुन्हा पुढे, घाईघाईने, भेदरून. "कोण? कोण आहे?"

"तुमचीच बायको!" पहिल्या सीटवरचा म्हातारा संतापून म्हणाला. "समोरच उभ्या आहेत! दिसत नाही का?"

त्या प्रश्नाचं उत्तर एकेका चेहऱ्यावर उमटत गेलं. कुणी लेकराला जवळ ओढलं, कुणी उठून दाराकडे सरकलं. दाजी स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तिला लागलं का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि माणसांना उतरायला सांगितलं. माणसं उतरत राहिली, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या. दाजी समोरच्या काचेकडे बघत बसले होते. डावीकडे मान वळवायचं काही त्यांना धैर्य होत नव्हतं, आणि ताई तिथेच उभी होती.