पोफळीखालची राख

मुलांनो, तेराव्याला फोनवर माझा, तुमच्या आजीचा, आवाज कोरडा लागला, असं तुमची आई म्हणाली. तो कोरडेपणा नव्हता, राग होता. आजोबांना जाऊन दीडेक महिना झाला, राग अजून उतरलेला नाही...

रेवसच्या आपल्या वाडीत नारळी-पोफळींखाली पावसानंतर गुडघाभर तण माजतं. दुकानदार तणनाशकाचा डबा पुढे करायचा, आजोबा तो मागे सारायचे. त्याऐवजी त्यांनी गॅसचा बर्नर आणला. पण रीत त्यांची स्वतःची. पाचोळा आधी हाताने बाजूला ओढायचा, मग तणावरून ज्योत चालत्या पावलाने न्यायची. वाकून एक पान चिमटीत दाबायचं; अंगठ्याचा काळपट ठसा उठला की स्वतःशीच म्हणायचं, ‘मेलं. पुढे चल.’ दिसायला हिरवं असलेलं ते पान संध्याकाळी मान टाकायचं. पाचोळा मग पुन्हा पसरायचा. ‘खालच्या मंडळींना कशाला चटके?’ असं ते म्हणत. खालची मंडळी म्हणजे गांडुळं, किडे, बुरशीचे पांढरे धागे. माझ्या माहेरच्यांची एवढी सरबराई कधी केली नाहीत, असं मी म्हणायचे. तुझ्या माहेरच्यांनी माझी एक तरी पोफळ वाढवली का, हे त्यावर ठरलेलं उत्तर.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. मागून धुराचा वास आला. पंगत वाडीत बसायची म्हणून शेजारच्या दिलीपने आजोबांचाच बर्नर घेतला होता. पाचोळ्यासकट सगळं जाळत, एकेका जागी राख होईपर्यंत ज्योत धरून तो उभा होता. जमीन ओली, गांडुळं अगदी वर आलेली. मी ओरडलेच. तो गोंधळला.

“काकी, काळं झाल्याबिगर मेलं कसं म्हनायचं? राब न्हाय भाजत आपन?”

भाताचं रोप टाकायच्या वाफ्यावर आपण उन्हाळ्यात पालापाचोळा भाजतो, तो राब. त्यात तणाचं बी मरतं हे खरं. पण तेव्हा जमीन सुकलेली असते, गांडुळं खोल गेलेली असतात, आणि भाजायचा तो एवढासा वाफा. त्या सवयीने आता बर्नर हाती आला की राख पाहिल्याशिवाय कोणाचं समाधान होत नाही. काशीदपर्यंत रिसॉर्टांच्या बागा अशाच काळ्या करतात आणि वर ‘बिनविषारी’ अशी पाटी लावतात. विष नाही म्हणजे इजा नाही, हे कोणी ठरवलं? पंगतीत तर एकजण मला म्हणाले, काकांना एवढी स्वच्छ वाडी बघून बरं वाटलं असतं. मी वाढायचं टाकून आत गेले.

त्या राखेतून लव्हाळ्याचं तण केव्हाच वर आलं. त्याच्या मुळांच्या गाठी मातीखाली शाबूत होत्या. गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या वळकट्या मात्र तिथे दिसत नाहीत. दिलीपला जिथे थांबवलं, त्याच्या पलीकडे पाचोळा उचलला की दिसतात.

काल तो स्वतःच्या वाडीसाठी बर्नर मागायला आला. आधी त्याला मागे नेलं. पाचोळा त्याला ओढायला लावला, ज्योत मी फिरवली आणि एक पान त्याच्या चिमटीत दिलं. ठसा उठला. तो पान उलटसुलट करून बघत राहिला.

“एवढ्यावर मेलं, काकी?”

“मेलं,” मी म्हटलं. “पुढे चल.”