तारखांच्या पानावरची सही

काल मस्तगडच्या वाचनालयात एक पुस्तक शोधून उघडलं आणि जुन्या कागदाच्या वासासरशी माझा मित्र दिगंबर डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याला जाऊन महिना झाला.

तेव्हा आम्ही विशीत होतो. दर शनिवारी तो बदनापूरहून येई आणि रविवारभर आमच्याकडे वाचत पडे. अशाच एका रविवारी वाचनालयात या पुस्तकाचे लेखक आले होते. सगळे आपापली नवी प्रत घेऊन सहीसाठी उभे होते. दिगंबरच्या हातात मात्र वाचनालयाचीच प्रत होती.

"अरे, ही परत करावी लागंल. सही जाईल ना तुझी!" मी म्हणालो.

"मंग? घरी नेऊन पूजा करायची का तिची?"

त्याने लेखकांपुढे शेवटचं पान धरलं, परतीच्या तारखांचे शिक्के पडतात ते.

"सर, इथं करा. जे जे नेतील त्या समद्यांची होईल."

लेखकांनी तिथंच सही केली. मग त्यांनी स्वतःसाठी आलेला चहा त्याच्यापुढे सरकवला.

मला त्याची काहीतरी खूण हवी होती. ते पुस्तक कायमचं मागून घ्यायचं ठरवूनच मी काल गेलो होतो. पण सहीच्या चहूबाजूंनी शिक्के पडले होते, काही तर तिच्यावरूनच. मग मी रीतसर नोंद करून ते घरी आणलं.

शनिवारी परत करायचं आहे.